पाच नंबरचं पाणी

१

दर मंगळवारी सकाळी साडेदहाला सत्यशीला रामटेके मायक्रोस्कोपसमोर बसायची आणि दीड वाजेपर्यंत मोजत राहायची. नऊ वर्षं झाली, हा नेम चुकला नव्हता. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या टाउनशिपच्या कडेला एक मोठा तलाव होता. आसपासच्या गावांतले छत्तीसगढी लोक त्याला नुसतं तरिया म्हणत. त्याचं पाणी गाळून टाउनशिपच्या तीन सेक्टरांच्या नळांना जायचं; सत्यशीलेच्या घरचा नळही त्यातलाच. पाणी आत घेण्याआधी त्यात काय जगतंय, हे कोणीतरी बघत राहावं लागतं. ते काम सत्यशीलेकडे होतं.

तलावात बांबू रोवून पाच जागा ठरवलेल्या होत्या. एक नंबरची जागा पंपहाउसच्या पायऱ्यांजवळ, पाच नंबरची पार पलीकडे, खोल पाण्यात. कवडू मेश्राम सकाळी डोंगा घेऊन निघायचा, प्रत्येक बांबूपाशी बारीक कापडाची निमुळती जाळी पाण्यातून ओढायचा आणि जाळीच्या टोकाशी जे साचेल ते बाटलीत भरून वरून फॉर्मेलिन टाकायचा, म्हणजे जीव मरून जसेच्या तसे टिकत. त्यातलं थेंबभर पाणी सत्यशीला चौकटी आखलेल्या काचेवर घ्यायची. उजवा हात स्क्रूवर, डाव्या हातात मोजायचं यंत्र. जीव दिसला की अंगठा दाबायचा, यंत्र चट् करून वाजायचं. सायक्लॉप्स, डॅफ्निया, तोंडाशी चाक बसवल्यासारखे रोटिफर, शेवाळाचे हिरवे पुंजके. पुस्तकात त्यांना प्लवक म्हणतात. कवडू त्यांना ‘बाईची लेकरं’ म्हणायचा.

प्रयोगशाळा म्हणजे पंपहाउसच्या पाठीमागची एक लांबट खोली. पंप चालू असले की फरशी पायांखाली बारीक थरथरत राही. एक्केचाळीस वर्षांची सत्यशीला या खोलीत थकत गेली होती. मान दुखायची, दुपारनंतर डोळ्यांतून पाणी यायचं, आणि घरी भाजी निवडतानासुद्धा डावा अंगठा आपोआप दाबला जायचा. नवरा देवीदास चरोद्याच्या रेल्वे यार्डात होता, त्याच्या ड्यूटीचा काही धरबंध नव्हता. दहा वर्षांची मुलगी शालू शाळेतून येऊन स्वतःच कुलूप उघडायची.

१९८६ सालच्या फेब्रुवारीतला एक मंगळवार. चार बाटल्या मोजून झाल्या. पाचवीचा थेंब तिनं काचेवर घेतला, पहिली चौकट पाहिली, दुसरी पाहिली. शेवटच्या चौकटीपर्यंत गेली. अंगठा एकदाही दाबला गेला नव्हता.

२

आधी तिला वाटलं, डोळे गेले. मग तिनं चार नंबरची काच पुन्हा लावली, तर तिथं नेहमीची गर्दी होती. पाच नंबरच्या बाटलीतून आणखी तीन थेंब घेतले. पाणी, नुसतं पाणी.

थोडे जीव असणं वेगळं आणि एकही नसणं वेगळं. तलावाच्या पाण्यात शून्य कधी येत नाही. विष पडलं तरी मेलेल्यांची टरफलं राहतात, शेवाळाचे रंग उडालेले तुकडे राहतात. इथं टरफलसुद्धा नव्हतं.

कवडूनं कंटाळा करून पंपहाउसच्या नळावर बाटली भरली असेल, असं तिच्या मनात आलं आणि विचारायची लाजही वाटली. सतरा वर्षं पाण्यावर काढलेला माणूस. तरी विचारलं. तो रागावला नाही. बाटली पाच नंबरलाच भरली, जाळी दोनदा ओढली, म्हणाला. जरा वेळानं दारातून परत फिरून आला.

“एक सांगू का बाई? तिथं वल्हं हलकं लागते. पाण्यात वल्हं घातलं का पाणी अडवते ना, तसं नाही अडवत.”

पुढच्या मंगळवारी पुन्हा शून्य आलं तेव्हा ती तिच्या वरिष्ठांकडे, पिंपळापुरे साहेबांकडे गेली. शामसुंदर पिंपळापुरे नागपूरचे, रसायनशास्त्राचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. भला माणूस होता, पण त्यालाही कामाचा वीट आला होता. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मासे एका जागी जमून सगळं खाऊन टाकतात, वाऱ्यानं पाणी लोटलं जातं, जाळीला भोक पडलं असेल, अशी चार कारणं सांगितली. तिनं जाळी आधीच तपासली होती. माशांचं म्हणणं तिला पटण्यासारखं वाटलं, निदान पटवून घ्यावंसं वाटलं.

साहेब म्हणाले, भोपाळला तिमाही तक्ता पाठवायचा आहे, त्यात शून्य दिसलं तर दहा पत्रं येतील. तुम्ही मागच्या महिन्यांची सरासरी लिहा.

तिनं पाच नंबरच्या रकान्यात तीनशे चाळीस लिहिलं. लिहिताना हात अडखळला नाही. उलट बरं वाटलं, की आजचं काम संपलं.

३

मार्चच्या पहिल्या मंगळवारी पाच नंबरला जीव परत आले. नेहमीपेक्षा जास्तच. ती खुर्चीला टेकून स्वस्थ बसली, चहा मागवला. चहा आला तेव्हा चार नंबरची काच मायक्रोस्कोपखाली होती आणि ती रिकामी होती.

चार नंबरला शून्य तीन आठवडे राहिलं. मग चार नंबर भरला आणि तीन नंबर रिकामा झाला.

तिनं तलावाचा नकाशा काढून त्यावर तारखा घातल्या. कोणाला दाखवायला नाही, स्वतःची खात्री व्हावी म्हणून. वाऱ्याचं म्हणावं तर त्या दिवसांत वारा पश्चिमेचा होता, आणि शून्य वाऱ्याच्या उलट सरकत होतं. माशांचं म्हणावं तर मासे असे रांगेत, एकेक बांबू धरून चालत नाहीत. जिथं शून्य असेल त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाटल्यांत जीव दाटीवाटीनं भरलेले असत. म्हणजे ते मेले नव्हते, बाजूला झाले होते.

हे तिनं कवडूला सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही. महिनाभर तो थकल्यासारखा दिसत होता, डोंगा बांधून झाला की पायऱ्यांवर बसून राही. तो म्हणाला, सुट्टी मागणार आहे, पण त्याआधी बाईंनी एकदा डोंग्यात येऊन पाहावं. तुमाले पाहिल्याशिवाय भरोसा नाही येणार, आन् मले एकट्याले जावंसं नाही वाटत.

४

ती एप्रिलमध्ये गेली, भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना. पोहता येत नव्हतं म्हणून तिनं डोंग्याच्या दोन्ही कडा धरून ठेवल्या होत्या. पाणी हिरवंगार, वरणासारखं दाट. वल्ह्याच्या मागं हिरवी वलयं उठत होती. लांबून कारखान्याचा अखंड घरघराट येत होता. नऊ वर्षं तो कानांवर होता, म्हणून आता ऐकूही यायचा नाही, पण त्या दिवशी आला.

तीन नंबरच्या बांबूपाशी कवडूनं वल्हं वर घेतलं. “पाहा,” म्हणाला.

हिरवं पाणी सुरीनं कापल्यासारखं संपलं होतं. त्यापुढे पाणी इतकं स्वच्छ होतं की डोंगा हवेत टांगल्यासारखा वाटला. खाली, पुष्कळ खाली, तळाचा काळा गाळ आणि त्यात रोवलेलं बांबूचं टोक दिसत होतं. सत्यशीलेला वाटलं, हे छान आहे. क्षणभर खरंच तसं वाटलं.

मग नजर कडांकडे गेली. हिरवं पाणी त्या स्वच्छ पाण्याच्या चारी बाजूंनी भिंतीसारखं उभं होतं. रस्त्यात काही पडलेलं असलं की लोक जसे मागं सरून, एकमेकांना रेटत, वर्तुळ करून उभे राहतात, तसं. पण हे वर्तुळ नव्हतं. ते लांबट होतं. एका टोकाला अरुंद होत गेलेलं, दुसऱ्या टोकाला मान असावी तसं आत आलेलं आणि त्यापुढे गोल. आत काही नव्हतं. तिनं डोळे ताणून पाहिलं, काहीही नव्हतं. जे होतं ते फक्त बाकीच्यांनी सोडलेली जागा होती.

कवडूनं सवयीनं हात धुवायला बोटं पाण्यात घातली.

गोल टोक वळलं.

इतकंच झालं. हिरवी भिंत एका बाजूनं मागं सरली, दुसऱ्या बाजूनं पुढं आली, आणि रिकाम्या जागेचं ते टोक कवडूच्या हाताच्या दिशेला आलं. पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही. कवडूनं हात वर काढला, लुंगीला पुसला आणि वल्हवायला लागला. पायऱ्यांना लागेपर्यंत सत्यशीला डोंग्याच्या मधोमध पाय जवळ घेऊन बसली होती.

संध्याकाळी स्वयंपाक करताना तिनं स्वतःला समजावलं की पाणी हलतं, सूर्य हलतो, डोंगा हलतो, त्यात एखादी सावली वळल्यासारखी दिसू शकते. हे सगळं खरं होतं. तरी सुट्टीचा अर्ज कवडूच्या आधी तिनंच भरून साहेबांच्या टेबलावर ठेवला, त्याच्या नावानं.

५

कवडू खुर्सीपारला राहायचा. दोन आठवड्यांनी ती त्याला पाहायला गेली. अरुंद गल्ली, उघडी नाली, दारोदार भांडी घासलेलं पाणी. त्याच्या घरात मात्र अगदी शांत होतं. त्याची बायको शकुबाई हिनं पाण्याचा तांब्या दिला आणि सांगत बसली. ताप नाही, खोकला नाही, डॉक्टरनं तपासलं तर काही निघालं नाही. जेवतात, पण जेवलेलं अंगी लागत नाही. एक मात्र चांगलं झालं म्हणाली, इतक्या नालीच्या काठी राहून या उन्हाळ्यात घरात माशी नाही.

कवडू खाटेवर टेकून बसला होता. गळ्याची हाडं वर आली होती. सत्यशीलेनं जय भीम केला, त्यानंही हात जोडले. कुठं दुखतं का, असं तिनं विचारलं.

“दुखत काहीच नाही, बाई. माणसाच्या अंगात कोणी ना कोणी राहतेच ना. आपल्याले मालूम नसते, पण राहते. ते सारे निघून गेल्यावानी वाटते. मी एकटाच राह्यलो आतमंधी.”

बाहेर ओट्यावर एक कुत्री पिलांना पाजत होती. कवडूनं खाटेवरून पाय खाली सोडले तशी ती उठली आणि पिलांना तोंडात धरून एकेक करून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नेऊ लागली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला. मुलगा बल्लारपूरला होता, त्याला यायला दोन दिवस लागले. बर्फाची सोय झाली नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत, दोन दिवस कवडूचा देह तसाच राहिला. सत्यशीला दोन्ही दिवस बायकांमध्ये बसली होती. उदबत्त्या कोणी लावल्या होत्या, पण त्यांची गरज नव्हती. वास आला नाही. चेहरा बदलला नाही. शेजारचे म्हणाले, बाप्पा, किती निर्मळ माणूस. शकुबाईला त्या बोलण्याचा आधार वाटला आणि सत्यशीलेनं तो मोडला नाही. देह सडतो तो कशानं, हे तिला माहीत होतं. तेही जीवच असतात. तेसुद्धा आले नव्हते.

६

कवडूच्या जागी माणूस मिळाला नव्हता. डोंगा काठाला बांधलेला. सत्यशीलेला स्वतः फक्त एक नंबरचं पाणी घेता यायचं, पायऱ्यांवरून दोरीनं जाळी सोडून. मेच्या शेवटच्या मंगळवारी तिनं एक नंबरची काच लावली आणि सगळ्या चौकटी रिकाम्या पाहिल्या.

एक नंबरपासून पाणी आत ओढणारा पाइप पंधरा पावलांवर होता.

ती तशीच उठून साहेबांकडे गेली आणि पंप बंद ठेवा म्हणाली. आठ दिवस तरी. साहेबांनी चष्मा काढला. ते चिडले नाहीत, हेच तिला जास्त जड गेलं.

“रामटेके बाई, मी वर काय लिहू? पाणी फार स्वच्छ झालंय म्हणून तीन सेक्टरांचे नळ बंद करतो, असं?”

फेब्रुवारीपासूनचे सगळे आकडे तिच्याच अक्षरात होते. तीनशे चाळीस, तीनशे पंचावन्न, तीनशे दहा. तक्त्याप्रमाणे तलावात कधी काही झालंच नव्हतं. साहेबांनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि कवडूच्या जाण्याचं मनाला लावून घेऊ नका म्हणाले. ती परत येऊन खुर्चीत बसली. पायांखाली फरशी थरथरत होती.

पुढच्या मंगळवारी एक नंबरला जीव होते, दाट, नेहमीसारखे. नवा माणूस लागला, त्यानं पाचही बाटल्या आणल्या आणि पाचही भरलेल्या होत्या. साहेब खोलीत येऊन स्वतः मायक्रोस्कोपमध्ये डोकावले आणि म्हणाले, झालं ना? संपलं.

तलावात ते उरलं नव्हतं, हे खरं होतं. ते पलीकडे गाळणीच्या टाक्यांत कोणी शोधायचं? गाळलेल्या पाण्यात जीव मोजायची पद्धतच नाही. तिथं शून्य हेच बरोबर उत्तर असतं.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी शेजारच्या सिंधुताई वाटी घेऊन दारात आल्या. चार दिवस झाले, दही लागत नाही म्हणाल्या, दूध तसंच राहते, नासतही नाही. विरजणच खराब झालं असेल, थोडं द्या. सत्यशीलेनं फडताळातलं पातेलं काढलं. काल संध्याकाळी तिनं विरजण लावलं होतं. कलतं करून पाहिलं, तर दूध जसंच्या तसं, पातळ, गोड. सिंधुताई म्हणाल्या, तुमचंही का? समोरच्या बेबीताईंचंही असंच आहे.

७

त्याच दिवशी तिनं देवीदासला रेल्वेचा पास काढायला सांगितलं. शालूला तुमसरजवळच्या आपल्या माहेरी पाठवायचं, शाळा उघडेपर्यंतच नाही, वर्षभर. तिथं विहीर होती, सगळा मोहल्ला तिचंच पाणी प्यायचा. ‘कावून?’ देवीदासनं कारण विचारलं. इथलं पाणी बरं नाही, एवढंच ती म्हणाली. नऊ वर्षं पाण्याचीच नोकरी करणारी बायको म्हणते म्हटल्यावर त्यानं वाद घातला नाही. शनिवारी पास आला. रविवारच्या गाडीनं निघायचं ठरलं. पिशवीत शालूचे चार फ्रॉक, पाटी-पुस्तकं, खारकांची पुडी, सगळं भरून झालं.

शनिवारी दुपारी ती शालूला घेऊन प्रयोगशाळेत गेली. खोलीत कोणी नव्हतं. पायऱ्यांवरून तिनं तलावाचं ताजं पाणी घेतलं आणि त्यात फॉर्मेलिन टाकलं नाही. काचेवर मोठा थेंब ठेवून स्वतः पाहिलं. जीव झटके देत पोहत होते, हिरव्या पुंजक्यांतून वळणं घेत होते. नऊ वर्षं ती मेलेलेच मोजत आली होती. जिवंत असे पाहायला कधी वेळच काढला नव्हता. ती बराच वेळ पाहत राहिली.

मग तिनं शालूला स्टुलावर बसवलं. पोरगी हरखून गेली होती. आईच्या या यंत्राला हात लावायला तिला आजवर मनाई होती. तिनं एक डोळा मिटला, दुसरा लावला, आणि तिचा श्वास अडकलेला सत्यशीलेनं ऐकला.

“दिसले का गं?”

“हो. किती सारे आहेत, आई. नाचून राहिले.”

“आता डोळा हलवू नको. तुझं बोट दे.” सत्यशीलेनं तिचं बोट हातात धरलं. ते बारीक, उबदार होतं, नखात शाई होती. तिनं ते काचेवर नेलं, थेंबाच्या कडेपर्यंत, पाण्याला शिवणार नाही असं. “आता सांग.”

पंप चालू होते, काच थरथरत होती. सत्यशीलेला वाटलं, या थरथरण्यानंही ते हलू शकतात. हे आपण विचारात घ्यायला हवं.

“आई,” शालू म्हणाली, “हे सारे तिकडे कावून चालले?”

“कोणीकडे?”

डोळा न काढता शालूनं मोकळा हात उचलला आणि बोटापासून दूर, खिडकीकडे दाखवलं.

सत्यशीलेनं तिचं बोट बाजूला घेतलं. स्वतःचं तिनं लावून पाहिलं नाही. काच धुतली, उपडी ठेवली, मायक्रोस्कोपवर कापडाचं झाकण घातलं, आणि दोघी पायी घरी आल्या. वाटेत शालू विहिरीत उतरता येतं का, मामा पोहायला शिकवेल का, असं विचारत होती.

संध्याकाळी देवीदास आला तेव्हा पिशवी रिकामी होती आणि फ्रॉक परत दोरीवर टांगलेले होते. त्यानं काही झालं का म्हणून विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “पास परत करून टाक. तिथली विहीर साऱ्या मोहल्ल्याची आहे.”

देवीदासला यातलं काही कळलं नाही. तो हात-पाय धुवायला नळाकडे गेला.